नाशकात नवीन राहायला आलात? लाईट बिलाचं गणित आधी समजून घ्या

भाचा मागच्या वर्षी बोरिवलीहून अंबडला नोकरीला आला, पाथर्डी फाट्याला वन बीएचके भाड्याने घेतला आणि सामान लावून व्हायच्या आत त्याचा फोन, "मामा, इथे लाईट कुणाची घेऊ रे? तिकडे आपल्याकडे अदानी होती, शेजारच्यांकडे टाटा, इथे स्वस्त कोण?" मी म्हटलं अरे बाबा इथे एकच, घ्यायची तर घे नाहीतर कंदील लाव. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय.

तर मुंबईहून येणाऱ्यांसाठी हे आधी सांगून टाकतो. मुंबई उपनगरात घरगुती ग्राहकाला अदानी की टाटा हे ठरवता येतं, नाशकात नाही. इथे घरासाठी फक्त महावितरण, ज्याला अजूनही निम्मं गाव एमएसईबी म्हणतं, खरं तर वीज मंडळाच्या कंपन्या होऊन २००५ सालापासून जमाना झाला. आपल्याच जिल्ह्यात मालेगाव शहरात वीज वाटपाचं काम फ्रँचायझीने खासगी कंपनीकडे दिलंय, पण तिथेही दर तेच, कारण दर कंपनी ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. आणि नाशिकरोडला राहिलं की एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या गच्चीवरून दिसतात म्हणून कुणी म्हणतं "वीज इथेच बनते मग आपल्याला स्वस्त का नाही", तर ती वीज ग्रिडमध्ये जाते, गडचिरोलीला जो घरगुती दर तोच आपल्याला. पुरवठादार निवडायची मुभा कायद्याने आहे पण ती मोठ्यांना, हरित वीज बाहेरून घ्यायची तरी १०० किलोवॅट भार लागतो, तुमच्या वन बीएचकेला दोन-तीन किलोवॅट असतो. म्हणजे कंपनी शोधण्यात वेळ घालवू नका. हातात जे आहे ते म्हणजे मीटर, स्लॅब आणि कुठलं युनिट कमी करायचं ते.

चावी घ्यायच्या दिवशी

डिपॉझिट द्यायच्या आधी घरमालकाकडून शेवटचं लाईट बिल मागा. त्यावर १२ आकडी ग्राहक क्रमांक असतो, तो महावितरणच्या ॲपमध्ये टाकला की थकबाकी आहे का ते लगेच दिसतं. आधीचा भाडेकरू तीन महिन्यांचं बिल ठेवून गेला आणि नवीन माणूस राहायला आल्यावर चौथ्या दिवशी वायरमन कनेक्शन तोडायला दारात, हे इंदिरानगर-सिडकोत नवीन नाही. मग खाली मीटरच्या पेटीजवळ जा, बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवरचा नंबर एकच आहे ना ते बघा, आणि त्या दिवशीच्या रीडिंगचा फोटो काढून घरमालकाला व्हॉट्सॲप करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे पण निघताना भांडण होत नाही.

ॲपमध्ये तुमचा मोबाईल नंबर त्या ग्राहक क्रमांकाला जोडून घ्या, नाहीतर एसएमएस जुन्या भाडेकरूला जात राहतात आणि मुदत तुमची चुकते. उशीर झाला की १.२५ टक्के आकार लागतो. उलट बिलावर एक लवकरची तारीख छापलेली असते, त्याआधी भरलं तर साधारण एक टक्का सूट मिळते, आणि कागदी बिल बंद करून ईमेलवर घेतलं तर त्याचीही थोडी सूट. छोट्या रकमा आहेत, पण एकदाच सेट करायचं असतं त्यामुळे करून टाका.

इथेच एक सावधगिरीचं सांगतो. "आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज कुणाच्या तरी साध्या मोबाईल नंबरवरून येतो, नवीन माणूस घाबरतो, फोन करतो, ते एक ॲप टाकायला लावतात आणि खातं साफ. महावितरण असल्या मोबाईल नंबरवर फोन करायला सांगत नाही. शंका आली तर सरळ १९१२ लावा.

आता लाल दिव्याची गोष्ट

भाच्याचं पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं ३१० युनिट. एकटा माणूस, सकाळी आठला बाहेर, रात्री नऊला घरी, एसी नाही, टीव्हीसुद्धा नाही. तो म्हणे मीटर जोरात पळतो, बदलून मागतो. मी म्हटलं थांब, रविवारी येतो.

प्रत्येक इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो आणि शेजारी लिहिलेलं असतं की किती वेळा लुकलुकलं म्हणजे एक युनिट, बऱ्याच मीटरवर ३२०० असतं, तुमच्यावर काय आहे ते वाचा. याचा हिशोब सोपा आहे, नुसता फ्रीज चालू असेल तर दहा-बारा सेकंदांनी एकदा लुकलुकतो, दोन हजार वॅटचा गिझर लावला की सेकंदाला जवळपास दोनदा. तर आम्ही काय केलं, घरातला मेन स्विच पूर्ण पाडला, फ्रीजसकट सगळं बंद, आणि खाली मीटरसमोर जाऊन उभे राहिलो. दिवा थांबायला हवा होता. तो टकटक चालूच, आणि चांगला जोरात. मग मी मीटरखालचं कटआऊट, म्हणजे फ्यूज, खाली केलं. दिवा थांबला, आणि पहिल्या मजल्यावरून आवाज आला, "अहो लाईट गेली का तुमच्याकडे पण?" समोरच्या फ्लॅटमधल्या काकू बाहेर, हात पिठाचे, मिक्सर अर्ध्यात बंद पडलेला.

बिल्डिंग बांधताना वायरिंगवाल्याने दोन फ्लॅटच्या वायरी एकमेकांच्या मीटरला जोडून ठेवल्या होत्या. चार माणसांच्या त्या घराचं बिल भाचा भरत होता आणि त्याचं पंचाण्णव युनिटचं बिल ते लोक, आणि काका आम्हाला अभिमानाने सांगत होते की आम्ही फार काटकसरीने वापरतो. नंतर दोन्ही ग्राहकांनी सह्या करून उपविभागाच्या ऑफिसला अर्ज दिला, त्यांचा माणूस येऊन तपासून गेला आणि मग जोडणी सरळ झाली. काकांचं तोंड पुढच्या बिलाला बघण्यासारखं होतं.

म्हणून माझं नवीन माणसाला पहिलं सांगणं हेच, पंखे बंद करत फिरायच्या आधी हा मेन स्विचवाला प्रयोग करा. मेन पाडल्यावरही दिवा लुकलुकतोय तर एक तर मीटर अदलाबदल आहे, नाहीतर मीटर आणि घराच्या मधल्या वायरीत कुठेतरी लिकेज, नाहीतर कुणीतरी तुमच्यावर जोडलंय, जिन्यातला दिवा किंवा पाण्याची मोटर असते पुष्कळदा. मीटरचं सील मात्र स्वतः उघडायचं नाही, कटआऊटच्या पुढे हात घालायचा नाही.

बिल वाचायला शिका, एकदाच

बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज तारांवरून घरापर्यंत आणल्याचा), इंधन समायोजन आकार आणि वर १६ टक्के वीज शुल्क असतं. स्थिर आकार शून्य युनिट वापरलं तरी लागतो. वीज आकार आणि वहन आकार दोन्ही युनिटवर लागतात त्यामुळे दर बघताना दोन्ही मिळवून बघायचे, बरेच जण फक्त पहिला बघतात आणि मग म्हणतात हिशोब जुळत नाही. इंधन समायोजन महिन्याला बदलतं, ते आपल्या हातात नाही.

स्लॅब असे आहेत, १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. दर बदलत राहतात म्हणून चालू दर तुमच्या बिलावरच बघा, पण अंदाज यावा म्हणून २०२४-२५ चे सांगतो, वहन धरून पहिल्या शंभराला ५ रुपये ८८ पैसे, पुढच्या दोनशेला ११.४६, त्यापुढे १५.७२ आणि पाचशेच्या वर १७.८१. म्हणजे १०१ वं युनिट शंभराव्याच्या जवळपास दुप्पट.

यावरून एक गैरसमज आहे जो मी दर महिन्याला कुणाकडून तरी ऐकतो, की "१०१ युनिट झालं की सगळंच बिल वरच्या दराने लागतं". नाही लागत. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना. पण याचीच दुसरी बाजू महत्त्वाची, तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या स्लॅबमधून जातं. २६० युनिटचं घर २०० वर आलं तर त्या जुन्या दराने एकेक युनिट ११.४६ अधिक १६ टक्के, म्हणजे सव्वातेरा रुपयाला वाचलं, साठ युनिटचे जवळपास आठशे रुपये. आणि जे घर मुळातच ९० वर आहे त्याने दहा युनिट वाचवली तर सत्तरेक रुपये. त्यामुळे आधी तुम्ही कुठल्या स्लॅबात आहात ते बघा आणि मग ठरवा किती डोकं लावायचं. ९० युनिटवाल्याने महागडा पंखा घेऊ नये, चहा प्यावा.

बिलावर रीडिंगच्या जागी सरासरी किंवा मीटर लॉक असं काही आलंय का तेही बघत जा. दार बंद, पेटीला कुलूप, कारण काहीही असो, तेव्हा अंदाजे बिल येतं आणि खरं रीडिंग आल्यावर दोन-तीन महिन्यांचा बोजा एकदम. तेव्हा स्लॅबचा फायदा त्या महिन्यांमध्ये विभागून मिळाला पाहिजे, नसेल मिळाला तर दुरुस्ती मागा. रीडिंगचा फोटो ॲपवरून स्वतःही पाठवता येतो.

सबमीटरवाल्या खोल्यांचं वेगळंच

कॉलेज रोड, गंगापूर रोडला पीजी किंवा पंचवटीत वाड्यातली खोली घेतली तर बहुतेक घरमालक सबमीटर लावतात आणि सरसकट १२ किंवा १५ रुपये युनिट सांगतात. त्यांचंही पूर्ण चुकीचं नसतं, कारण तीन भाडेकरू एका मीटरवर आले की सगळ्यांची युनिटं एकत्र होऊन वरच्या स्लॅबात जातात. प्रत्येकी ९० धरा, एकाच मीटरवर २७० होतात, वेगळे मीटर असते तर तिघेही शंभराच्या आत. वर सांगितलेल्या दराने दोन्ही हिशोब केला तर तीन स्थिर आकार भरूनसुद्धा वेगळ्या मीटरवाल्यांचं मिळून सात-आठशे रुपये कमी येतं. खोलीला वेगळं दार, वेगळं किचन असेल तर घरमालकाच्या नाहरकतीने वेगळं कनेक्शन मागता येतं. तो तयार नसेल तर निदान दर महिन्याला मूळ बिलाचा फोटो मागा, एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, जो दर येईल तो द्या. हे भाडं ठरवतानाच बोलायचं, नंतर बोललात तर तोंडं वाकडी होतात.

घरून शिवणकाम, डबे, क्लास असं काही करणार असाल तर घाबरून लगेच कमर्शियल कनेक्शन घेऊ नका. घराच्या एका भागात छोटा व्यवसाय आणि वापर महिन्याला ३०० युनिटच्या आत, वर्षाला ३६०० च्या आत, तर घरगुती दरच लागतो. त्यावर गेलात तर मात्र स्वतःहून कळवा, नंतर पथकाने पकडलं तर दंडाचं बिल झेपत नाही.

आणि जुन्या बंगल्यात तीन फेजचं कनेक्शन असेल, वापर मात्र दोन पंखे एक फ्रीज, तर स्थिर आकार सिंगल फेजच्या तिपटीहून जास्त जातोय. मोटर तीन फेजची नसेल तर सिंगल फेज करून घ्यायचा अर्ज करा.

मग आता काय बंद करायचं

नाशकात एसीपेक्षा गिझर जास्त खातो असं माझं मत, निदान सात-आठ महिने तरी. डिसेंबर-जानेवारीत इथली थंडी मुंबईवाल्याला झेपत नाही, पारा दहाच्या खाली येतो, आणि मग गिझर लावून माणूस पुन्हा पांघरुणात जातो. १५ लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून कढत व्हायला साधारण ०.६ युनिट लागतं, दोन हजार वॅटच्या गिझरला वीस मिनिटंही लागत नाहीत. त्यानंतर तो चालू-बंद होत राहतो. आमच्याकडे चार जणांच्या आंघोळी दोन तासात पसरलेल्या असायच्या, आता लागोपाठ उरकतो, आणि थर्मोस्टॅट ७० वरून ५० वर आणलाय, नाहीतरी आपण त्यात निम्मं गार पाणी ओततोच. सोसायटीच्या गच्चीवर सोलर वॉटर हीटर असेल तर पहाटे नाही, आदल्या संध्याकाळी पाणी वापरून बघा किती गरम येतं, कित्येक सोसायट्यांमध्ये टाकीत गरम पाणी असतं पण पाईपातलं गार पाणी सोडायचा कंटाळा म्हणून लोक गिझर लावतात. गॅस गिझर स्वस्त पडतो खरा पण बंद बाथरूममध्ये कधीही नको, त्यातला वायू कळतही नाही आणि माणूस जातो.

दुसरा पंखा. जुना छताचा पंखा ७५ वॅट, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा तीसेक वॅट. रोज १५ तास चालणारा एक पंखा बदलला की महिन्याला वीस युनिट, तुम्ही दुसऱ्या स्लॅबात असाल तर अडीचशे रुपये, म्हणजे एका वर्षात पंख्याचे पैसे निघतात. हॉलमधला नाही, बेडरूममधला आधी बदला, कारण चालतो तो. भाड्याच्या घरात पंखा आपला घ्यायचा आणि जाताना काढून न्यायचा, जुना माळ्यावर ठेवून द्यायचा.

सेटटॉप बॉक्स रिमोटने बंद होत नाही, झोपतो फक्त, बारा वॅटच्या आसपास खातच राहतो आणि महिन्याला आठ-नऊ युनिट होतात. भिंतीवरचं बटण बंद करा. फ्रीज भिंतीला चिकटवू नका. एप्रिल-मेमध्ये एसी लावायचाच तर २६ वर ठेवून पंखा सोबत, एकेक डिग्री वर नेली की साधारण सहा टक्के वाचतात. कूलर इथल्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, पाऊस पडेपर्यंतच.

बंगल्याची पाण्याची मोटर टाकी भरून वाहायला लागली की कळतं, तोवर अर्धा तास फुकट. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा फ्लोट स्विच बसवा, प्लंबर त्याच दिवशी करून देतो.

दिवसाची सवलत आणि सोलर

नवीन टीओडी मीटर, म्हणजे कुठल्या वेळी किती वीज वापरली ते मोजणारा, बसला असेल तर १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मधल्या वापराला घरगुती ग्राहकाला सवलत सुरू झाली, तेव्हा ती युनिटमागे ८० पैसे होती, चालू आकडा बिलावर बघा. वॉशिंग मशीन, इस्त्री, मोटर या वेळेत घ्या. पण यासाठी आयुष्य बदलू नका, ८० पैशाने चाळीस युनिटं दिवसात सरकवली तर बत्तीस रुपये वाचतात, आणि दुसऱ्या स्लॅबातली चाळीस युनिटं वापरलीच नाहीत तर पाचशे.

स्वतःचं घर आणि स्वतःची गच्ची असेल तरच सोलरकडे बघा. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ ला आली, त्यात पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तीन किलोवॅट आणि वर एकूण ७८ हजार अनुदान, सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८ हजार. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा आणि महिन्याला साधारण १२० युनिट. नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या मीटरवर, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होतात पण ३१ मार्चला हिशोब मिटतो, उरलेल्याचे फार पैसे मिळत नाहीत, म्हणून वापरापेक्षा मोठं बसवू नका. आणि पुन्हा तोच स्लॅबचा मुद्दा, ज्याचं बिल ४०० युनिटचं आहे त्याची महागडी युनिटं वाचतात, सव्वाशे युनिटवाल्याचं भांडवल निघायला फार वर्षं जातात. योजनेच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्याच माणसाकडून काम घ्या, तिघांचं कोटेशन घ्या, अनुदान पॅनल बसल्यावर तुमच्या खात्यात येतं, आधी कुणी "अनुदान कापून सांगतो" म्हणाला तर कागदावर लिहून मागा. शेजारच्या टॉवरची सावली दुपारी तीनला कुठे पडते ते स्वतः गच्चीवर जाऊन बघा, विकणारा सकाळी अकराला येतो.

बिल चुकलं असेल तर

आधी उपविभागाच्या ऑफिसला लेखी अर्ज, पोच घ्यायची, तोंडी सांगून आलात तर काहीच झालेलं नसतं. मीटरवर शंका असेल तर तपासणीची फी भरून टेस्टिंग मागता येतं. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, वकील लागत नाही, मराठीत अर्ज चालतो, पण कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. मंचाचा निर्णय पटला नाही तर विद्युत लोकपाल. आणि वाद चालू असताना बिल अजिबात भरलं नाही तर लाईट कापतील, म्हणून मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम हरकत नोंदवून भरून ठेवायची, वीज कायद्याच्या कलम ५६ मध्ये ती सोय आहे, अर्जात कलमाचा आकडा लिहिला की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

भाच्याचं बिल आता नव्वद-पंचाण्णववर आहे. परवा विचारत होता, मामा, बीएलडीसी घेऊ का. त्याला म्हटलं वर काय लिहिलंय ते वाच.